चूलबंद आवतन आणि अणुभट्टी

अमरावती,
श्रावणातला सोमवार

तीर्थस्वरूप बापूसाहेब यांच्या चरणी भगवंतरावाचा, एक पाय परातीत ठेवून केलेला, साष्टांग नमस्कार. (साष्टांग नमस्कारास आठ अंगे लागतात. सध्या माझी सात उपलब्ध असून आठवे गार पाण्यात आहे. कारण यथाक्रम पुढे येईल. ते आधी विचारून पत्राची रचना मोडू नये.)

आपली प्रकृती कशी आहे? कानातील यंत्र नियमाने लावता की पूर्वीप्रमाणे चष्म्याच्या घरात ठेवता? अकोल्याचा उकाडा श्रावणातही हटत नाही असे वर्तमानपत्रात वाचले आणि आपली काळजी वाटली. एकट्या माणसाने दुपारी बाहेर पडू नये. वहिनी गेल्यापासून आपण दोन वेळचे एकदाच रांधता, असे रुख्मिणी म्हणते. ती आपली धाकटी बहीण असल्यामुळे आपल्याविषयी तिला सर्व ठाऊक असते. मी तिचा पती असल्यामुळे माझ्याविषयी तिला त्याहून अधिक ठाऊक असते. असो.

परवा आपण दूरध्वनीवरून दोन प्रश्न विचारलेत. पहिला, आपली इशिता अणूच्या भट्टीवर नोकरीस चालली हे खरे काय? दुसरा, आमच्या मारुतीच्या मंदिरात रोडग्यांच्या पंगतीला अर्धा जिल्हा लोटला आणि त्यास मी कारण झालो, हे खरे काय? दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच असून ते दूरध्वनीवर देता येण्यासारखे नव्हते. एक तर आपण यंत्र चष्म्याच्या घरातून काढले नव्हते, आणि दुसरे असे की दूरध्वनीवर कंस उच्चारता येत नाहीत. म्हणून हा पत्रप्रपंच.

चि. इशिता अकरावीच्या शिकवण्यांसाठी म्हणून आमच्याकडे राहावयास आली आणि भौतिकशास्त्राची थोरली पदवी पदरात पडली तरी परत गेली नाही, हे आपण जाणताच. आता तिची अणुवीज केंद्रात निवड झाली आहे. आधी मुंबईस प्रशिक्षण आणि मग प्रत्यक्ष अणुभट्टी चालवणे. येत्या बुधवारी निघावयाचे आहे. तिचे आईवडील बंगळुरास असतात; तेथून तिच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या चि. अद्वैतने, आपली संमती अंगठ्याच्या एका चित्राने कळवली. (आमच्या वडिलांनी माझ्या नोकरीस संमती देताना अडीच तास उपदेश केला होता. काळ.) परंतु पोरीने एक अट घातली. ती म्हणाली, आबा आणि आजी या दोघांनी डोक्यावर हात ठेवला तरच मी बॅग बंद करीन. तेव्हापासून ती बॅग माजघरात आ वासून पडली आहे, आणि तिला ओलांडल्याशिवाय देवघरात जाता येत नाही.

मला स्वतःला काहीच अडचण नव्हती. ज्याने आयुष्यभर शास्त्रांचे निरूपण केले त्याने अग्नीच्या एका नव्या रूपास भ्यावे हे शोभणारे नाही. मात्र घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीचा जीव थाऱ्यावर नव्हता. (नाव घेणे सभ्यपणाचे नाही.) या व्यक्तीने बुधवारी भद्रा असून प्रयाण वर्ज्य आहे असे शोधून काढले; वस्तुतः हा दोष पंचांगाचा, व्यक्तीचा नव्हे. पुढे एके सकाळी इशिता आपल्या मैत्रिणीशी बोलताना आनंदाने ओरडली, “अगं, नवी भट्टी क्रिटिकल झाली!” हे ऐकताच त्या व्यक्तीने पूजा अर्धी टाकून मृत्युंजयाचा जप आरंभला आणि पाण्याच्या टाकीचा नळ उघडला. रुख्मिणी या सर्व काळात मौन धरून होती. तिचे मौन आपण लहानपणापासून पाहिले आहे. त्यात बसल्या जागी भाजी चिरण्याचा आवाज तेवढा मोठा होतो.

शेवटी मीच ठरवले की विषय मुळापासून समजून घ्यावा आणि मग घरास समजावून सांगावा. इशितापुढे मी शिष्य होऊन बसलो. तिने सांगितलेले आपणास सांगतो, कारण आपण वकील आहात आणि हा सगळा वाटणीचा दावा आहे.

युरेनियम नावाचा एक जड धातू आहे. त्याच्या अणूचा गाभा म्हणजे अतिशय मोठे एकत्र कुटुंब. एका छताखाली इतकी माणसे की आता एक पाहुणा वाढला तरी घर हलावे. त्या पाहुण्याचे नाव न्यूट्रॉन. तो आत शिरला की गाभा थरथरतो, पाण्याच्या थेंबासारखा लांबतो, मधोमध त्याची कंबर बारीक होते आणि तो दुभंगतो. वाटण्या बहुधा समान होत नाहीत. एक थोरला, एक धाकटा. (आपल्या पणजोबांच्या दर्यापूरच्या शेताचे स्मरण व्हावे.) आणि आश्चर्य असे, की दुभंगल्यावर सर्व हिस्से एकत्र तोलले तर मूळ वजनापेक्षा किंचित कमी भरतात. ती तूट गेली कोठे? ती ऊर्जा झाली, आणि तिचीच उष्णता होते. आपण चाळीस वर्षे वाटणीचे दावे चालवलेत; दुभंगलेल्या घरातून किती उष्णता निघते हे मी आपणास काय सांगावे?

परंतु गोष्ट येथे संपत नाही. त्या दुभंगण्यात दोन-तीन नवे न्यूट्रॉन घराबाहेर पडतात आणि दुसऱ्यांच्या घरी पाहुणे म्हणून जातात. ती घरेही दुभंगतात. तेथून आणखी पाहुणे. हीच साखळी. खाणीतून निघालेल्या युरेनियमात हजारातले सातच गाभे असे सहज दुभंगणाऱ्या स्वभावाचे, बाकीचे सोशिक, म्हणून जग अद्याप उभे आहे. आणखी एक नवल ऐकावे. मला वाटले होते की पाहुणा जितका वेगात येईल तितके घर लवकर मोडेल. तसे नाही. वेगात आलेला पाहुणा बहुधा दारावरून निघून जातो. सावकाश येणारा, पायरीवर टेकणारा, पाणी मागणारा, तोच आत शिरतो. म्हणून भट्टीत या पाहुण्यांना मुद्दाम मंद करतात. त्यासाठी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जड पाणी वापरतात.

हे ऐकून माझे मन प्रसन्न झाले, आणि ज्या दिवशी माझे मन प्रसन्न होते त्या दिवशी घराबाहेरच्यांनी सावध असावे, असे रुख्मिणी पूर्वी एकदा म्हणाली होती. शनिवारी मंदिरात माझे निरूपण असते. मी त्या असुराची कथा लावली, ज्याच्या रक्ताचा थेंब भूमीवर पडला की थेंबागणिक तसाच दुसरा असुर उभा राहत असे. श्रोते रमले. मात्र साखळी म्हणजे काय, हे त्यांना डोळ्यांनी दिसावे, अशी मला इच्छा झाली, आणि पुढच्या शनिवारचे रोडगे समोर होते.

आपल्याकडची आवतनाची रीत आपण जाणता. मंदिराच्या पंगतीचे आवतन देण्यास एकच माणूस जातो. आमच्याकडे पंजाबराव जातात; एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झाले, परंतु अजूनही प्रत्येक दाराशी थांबतात. आणि आवतन चूलबंद असते. म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटावयाची नाही, लहानथोर सर्वांनी पंगतीस यावयाचे. ज्याला आवतन मिळाले त्याने जेवावे. त्याने ते पुढे कोणास द्यावयाचे नसते. ही रीत ज्या पूर्वजांनी घालून दिली त्यांना अणुविज्ञान अवगत होते, असे माझे आता मत झाले आहे.

मी ती रीत मोडली. मी व्यासपीठावरून सांगितले, यंदा पंजाबरावांनी एकाच घरी आवतन द्यावे. त्या घराने दोन घरी द्यावे. त्या दोहोंनी प्रत्येकी दोन घरी. म्हणजे साखळी कशी चालते ते सर्वांस प्रत्यक्ष कळेल. वसाहत संपली की साखळी संपेल, असा माझा कयास होता. श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतून इशिता उभी राहिली आणि म्हणाली, “आबा, साखळी झाली. पण शोषून घेणारं कोण आहे?” मी म्हणालो, शंका शेवटी घ्याव्यात. शेवटी आरती झाली आणि शंका राहून गेली.

वसाहत मंगळवारी संपली, बापूसाहेब. नातेवाईक संपले नाहीत. मोबाइलवर जी आवतने गेली त्यांचे विशेष काही झाले नाही. लोकांनी पाहिली, हात जोडल्याचे चित्र पाठवले आणि विसरले. (वेगवान पाहुणा दारावरून निघून जातो, ते असे.) परंतु पंजाबरावांना एका घरी आवतन देऊन चैन पडेना. ते पुण्य म्हणून रोज निघू लागले. ते बोलतात सावकाश. बसतात. चहा घेतात. कोणाच्या मुलीचे कोठे दिले ते विचारतात, आणि उठताना चूलबंद आवतन ठेवून जातात. अशा माणसाला कोण नाही म्हणणार? एका पंजाबरावांनी जितकी घरे पेटवली तितकी साऱ्या वसाहतीच्या मोबाइलांनी पेटवली नसतील.

शनिवारी सकाळी मंदिरामागच्या पत्र्याच्या छपराखाली गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा आर रसरसला होता आणि कणकेचे रोडगे त्यात भाजावयास पडले होते. सूर्यभान आचारी आधीच नाराज होता, कारण चातुर्मास असल्यामुळे मी वांगी वर्ज्य सांगून कोहळ्याची भाजी करावयास लावली होती. (“वांग्याबिगर रोडगे म्हंजे नवरदेवाबिगर वरात,” असे तो मारुतीस ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला.) शंभर पाने धरली होती. अकराच्या सुमारास ऑटो येऊ लागले. मग दुचाक्या, एकेकीवर चौघे. मग दर्यापूरहून सवारीच्या जीपगाड्या आल्या. टपावरची मंडळी उतरताच आधी पंगत कोठे हे विचारू लागली. पातूरचे एक कुटुंब पहाटे निघून आले होते. त्यांना आवतन कोणी दिले हे त्यांनाही आठवेना, परंतु चूल बंद ठेवून आलो हे ते शपथेवर सांगत होते.

सूर्यभान झारा घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. “आबाजी, तुमी शंभर पानं म्हनले होते. हे पानं हायेत का आख्खं झाड?”

मी पंजाबरावांकडे पाहिले. ते म्हणाले, “माह्याकडे काय पाहून राहिले? तुमीच म्हनले ना, एकानं दोघाले सांगा? मी तं अजून चार घरं बाकी ठेवले. जाऊन येऊ का?”

आणि येथे पेच होता. साधे आमंत्रण असते तर हात जोडून परत पाठवता आले असते. परंतु चूलबंद आवतन देऊन माणसास उपाशी परत पाठवणे म्हणजे त्याच्या घरची विझलेली चूल आपल्या माथी घेणे. मंदिराची अब्रू, माझी अब्रू, आणि (हे मला तेव्हाच सुचले) इशिताची बॅग, सर्व एका आरावर होते. कारण दाराशी कोणी तरी म्हणाले, ज्या घरच्या आज्याले रोडग्याची साखळी आवरत नाही त्या घरची पोरगी अणूची काय आवरन? रुख्मिणीने ते ऐकले. तिने माझ्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर बरे झाले असते.

इशिता ओढणी कमरेला खोचून पुढे आली. पहिले काम तिने असे केले, की साखळी अजून जेथून चालू होती तेथे शोषक बसवला. दुर्गाबाई आपणास आठवतात काय? आमच्या शेजारी. वसाहतीत त्यांचे कोणाशीच बोलणे नाही, म्हणून त्यांना मिळालेले आवतन त्यांच्यापाशीच राहिले होते. सबंध साखळीत ते एकच घर असे निघाले की जेथे बातमी आत गेली आणि बाहेर आली नाही. भट्टीत कॅडमियमच्या किंवा बोरॉनच्या कांड्या असतात, त्या नेमके हेच करतात. न्यूट्रॉन घेतात आणि चूप बसतात. कांड्या आत सरकवल्या की साखळी मंदावते, बाहेर ओढल्या की वाढते. असुराच्या कथेत देवीने जिव्हा पसरून थेंब वरच्या वर झेलले, तेही हेच; मी कथा सांगितली आणि जिव्हा सांगावयाची विसरलो. इशिताने वसाहतीच्या तोंडाशी खुर्ची टाकून दुर्गाबाईंना बसवले.

“माह्याशी कोनी बोलत नाही म्हून मले इथं उनात बसवून राहिली का वं?”

“नाही काकू, तुमचं ऐकायले माणसं पाठवतो. तुमचं पित्ताशयाचं ऑपरेशन सांगा.”

पहिले पंजाबराव पाठवले. दुर्गाबाईंचे ऑपरेशन त्यांच्या बहिणीच्या लग्नापासून सुरू होते. पंजाबराव चार वाजेपर्यंत तेथून उठले नाहीत. पुढची चार घरे वाचली. आणखी जो कोणी दूरध्वनी काढून मावसभावास “येऊन जाय, लय रोडगे हायेत” असे सांगू लागे, त्याच्या हाती पाण्याचा तांब्या देऊन इशिता त्याला दुर्गाबाईंकडे धाडी. तेथून एकही आवतन बाहेर पडले नाही.

दुसरे काम रुख्मिणीने केले. ती मौन सोडून घराघरांत गेली आणि कणीक मागून आणू लागली. यावर काही जुन्या मंडळींनी शंका काढली, की चूलबंद असताना घरची कणीक कशी चालेल? येथे माझ्या विद्येचा उपयोग झाला. कणीक भिजवणे म्हणजे चूल पेटवणे नव्हे, आणि आर मंदिराचा एकच आहे, सबब दोष नाही, असा निर्णय मी उभ्या उभ्या दिला. (माझ्या निर्णयाआधीच कणीक आली होती, असे रुख्मिणीचे म्हणणे आहे. निर्णय पूर्वलक्षी असू शकतो, हे आपण जाणता.) अद्वैतच्या मुंजीतली पिंपे काढून मठ्ठा भरला आणि रांगेत उभ्या असलेल्यांना तो सारखा फिरवला. भट्टीची उष्णता वाहून नेणारे पाणी तिथे जे करते तेच.

आता जे सांगतो त्यासाठी हे सारे पत्र आहे. मी इशिताला म्हणालो, अगं, सगळ्यांना एकदाच बसव आणि मोकळी हो. ती म्हणाली, “नाही आबा. वेळेवर येणाऱ्यांनीच पंगत पूर्ण भरली, तर ती एवढ्या झपाट्यानं उठेल आणि बसेल की आपल्या हातात काही राहणार नाही. प्रत्येक पंगतीत थोडी पानं उशिरा येणाऱ्यांसाठी रिकामी ठेवायची. ते आले की मगच वाढायचं.” आणि खरेच, प्रत्येक समाजात काही मंडळी अशी असतात की ती उशिराच येतात; संख्येने फार थोडी, शेकड्यात एकही नाही. त्या मूठभरांची वाट पाहावी लागल्यामुळे सबंध पंगत त्यांच्या चालीने चालू लागली. रोडगे भाजावयास उसंत मिळाली. भट्टीतही शेकड्यात एकाहून कमी न्यूट्रॉन असे उशिरा निघतात, आणि माणसाच्या हाती भट्टीची दोरी राहते ती त्या थोड्या रेंगाळणाऱ्यांमुळेच. तत्काळ येणाऱ्यांवर काम भागू द्यायचे नाही, एवढेच पथ्य. बापूसाहेब, मी आयुष्यभर उशिरा येणाऱ्या श्रोत्यांवर रागावलो. यापुढे मी त्यांचे उभे राहून स्वागत करणार आहे.

दोनच्या सुमारास मी पाहिले, की जितकी पाने उठत होती तितकीच बसत होती. एक कमी नाही, एक अधिक नाही. गर्दी वाढत नव्हती, ओसरत नव्हती. आर रसरसत होता, पण ज्वाळा नव्हती. आमच्या आजोबांचे अग्निहोत्र असेच असे. इशिता घाम पुसत माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “आबा, हेच क्रिटिकल. भट्टी क्रिटिकल झाली म्हणजे बिघडली नव्हे. एकाच्या मागे एक, नीट चालू झाली.” घरातील त्या वडीलधाऱ्या व्यक्तीने त्या सकाळी टाकीतले पाणी व्यर्थ घालवले, हे मला तेव्हा कळले.

चारपर्यंत सर्व जेवले. पातूरचे कुटुंब दुसऱ्यांदा बसले, तरी रोडगे उरले. सूर्यभान म्हणाला, “पोरीनं कमाल केली. पर वांगं पायजेच होतं.”

आता परातीकडे येतो. आर विझवून वर राख सारली होती. विधी म्हणून अग्नीस अक्षता वाहून शांतिपाठ म्हणावा, या हेतूने मी अनवाणी पुढे झालो. राख गार दिसत होती. इशिता लांबून ओरडली, “आबा, भट्टी बंद झालीय, गार नाही झाली!” परंतु शांतिपाठ मध्ये तोडू नये. माझे उजवे पाऊल राखेत घोट्यापर्यंत गेले, आणि शांतिपाठाचे पुढचे शब्द मी म्हटले ते श्रोत्यांनी त्या अर्थाने घेतले नसावेत.

इशिताने माझा पाय गार पाण्याच्या परातीत ठेवला, ती पाणी बदलत राहिली आणि सांगत राहिली. भट्टीच्या कांड्या सगळ्या आत टाकल्या, साखळी क्षणात थांबली, तरी दुभंगलेल्या तुकड्यांत उष्णता उरते. ती तुकड्यांची आपली असते. ती कोणाच्या आज्ञेने थांबत नाही. पहिल्या दिवशी बरीच, मग कमी कमी, पण दिवसच्या दिवस. म्हणून भट्टी बंद झाली तरी पाणी फिरते ठेवावे लागते. वीज गेली तरी पाणी फिरत राहावे याची तिथे एकाहून अधिक प्रकारे तजवीज केलेली असते. तिथे नोकरीस जाणाऱ्याने हीच राखण करावयाची. तिचे हात अगदी स्थिर होते, बापूसाहेब. माझा पाय हलत होता.

त्याच संध्याकाळी रुख्मिणीने लोणच्याची बरणी फडक्यात बांधून बॅगेत ठेवली आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. मीही ठेवणारच होतो. परंतु परातीतून उठता येईना, आणि बसल्या जागेवरून हात पोचेना. अशा रीतीने साऱ्या शंका मिटल्या असून घर समाधानात आहे. अणू आपल्या जागी आहे, पोरगी जाण्यास सिद्ध आहे, आणि आपल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे “होय” अशी आहेत.

आपल्या तब्येतीस जपावे, यंत्र कानात ठेवावे, आणि आमच्यावरचा लोभ चालता ठेवावा. तो बंद पडला तरी ऊब राहील इतका आहेच.

आपला,
भगवंतराव

ता. क. : एक लहानशी गोष्ट लिहावयाची राहिली. आपण पत्र मिळताच इशिताला दूरध्वनी करून आपली प्रकृती बरी नाही असे कळवावे, आणि तिने थोडे थांबून जावे असे वडीलकीने सुचवावे. (आपली प्रकृती उत्तम आहे हे मी जाणतो.) फार नव्हे, पोळा होईपर्यंत. पोळ्यानंतर लगेच गणपती येतात. पुढे पितृपक्षात प्रयाण करू नये. नवरात्रात घटाजवळून घरच्या मुलीने उठू नये. दिवाळी तर घरीच व्हावी. मार्गशीर्ष मात्र प्रवासास अतिशय शुभ आहे. केंद्रवाले तोवर थांबणार नाहीत असे इशिता म्हणते, परंतु आपण वकील आहात.

ता. क. दुसरा : हे मी सुचवले असे सांगू नये. पत्र रुख्मिणी पोस्टात टाकणार आहे. तिने ते वाचलेले नाही.

दादा, रुख्मिणीचा नमस्कार. वाचलं.

वडीलधारी व्यक्ती कोण, ते तू पहिल्या पानावरच ओळखलं असशील. मी तर पोरीची निवड झाली त्याच दिवशी हो म्हटलं होतं. मौन धरलं ते यांच्यावर चिडून. भद्रा यांनीच काढली, टाकीही यांनीच रिकामी केली. नंतर नळाला दोन दिवस पाणी नव्हतं.

पत्र मी पोस्टात टाकलं नाही. आता इशिताजवळ देते आहे. बडनेऱ्याहून गाडी निघाली की अकोल्याला थांबते, तेव्हा तू फलाटावर ये म्हणून तिनं तुला सांगितलं असेलच. ती खिडकीतून हे तुझ्या हाती देईल. म्हणजे तू हे वाचशील तोवर गाडी पुढं गेलेली असेल, आणि थांबवायचा काही प्रश्न राहणार नाही.

आज सकाळी यांनी परातीतून उठून पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवला लवकर. काढायला फार वेळ लावला. ऑटोवाल्यानं दाराशी दोनदा हॉर्न वाजवला, अजून उभाच आहे.

आता हे बसले आहेत. पाय पाण्यात आहे, पंचांग उलटं धरलं आहे. पोरगी सांगते तसं आहे बघ, बंद झालंय, गार व्हायला दिवस लागतील. म्हणून तू पत्र खिशात घाल आणि मिळेल त्या गाडीनं इकडं निघून ये. घरी कुलूप लाव, चहासुद्धा करू नकोस. तुला चूलबंद आवतन आहे.

पण दादा, पुढं कोणाला देऊ नकोस.